दिवाळीच्या सुट्टीत केनिया-टांझानिया: छोट्या पावसातली सफारी कशी आखावी

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांचं कुटुंब, त्यात सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा आणि नऊ व चौदा वर्षांची दोन मुलं. दिवाळीला जोडून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नऊ दिवस मोकळे आहेत. एजंटने दिलेला कार्यक्रम असा: केनियात नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा, तिथून टांझानियात सेरेंगेटी, न्गोरोंगोरो आणि आरुशाहून परत. 'मायग्रेशन नक्की दाखवू', म्हणजे विल्डबीस्ट या मोठ्या हरणांच्या कळपांचं स्थलांतर दाखवू, असा शब्दही दिलाय. पण कुणीतरी सांगितलं की तेव्हा तिथे पाऊस असतो. मग जावं की पुढच्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीपर्यंत थांबावं?

जा. नोव्हेंबर हा पूर्व आफ्रिकेसाठी चांगला महिना आहे आणि माझ्या मते ऑगस्टच्या गर्दीपेक्षा तर कितीतरी निवांत. हातातला कार्यक्रम मात्र सोडून द्या. तो जुलै-ऑगस्टसाठी बेतलेला आहे, तारखा तेवढ्या नोव्हेंबरच्या घातल्या आहेत. कोरड्या मोसमात प्राणी नद्या आणि पाणथळींभोवती गोळा होतात, रस्तेही कडक असतात, त्यामुळे रोज नव्या ठिकाणी पळूनही पुष्कळ दिसतं. पाऊस सुरू झाला की खड्ड्याखड्ड्यात पाणी साठतं, प्राणी पांगतात आणि गाड्यांचा वेग निम्म्यावर येतो. अशा दिवसांत ठिकाणं कमी हवीत, मुक्काम लांब हवेत आणि निवड अशा जागांची हवी जिथले प्राणी चार सरी पडल्या म्हणून निघून जात नाहीत.

आधी पावसाबद्दल, कारण भीती त्याचीच आहे. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्याच्या मागे मागे वर्षातून दोनदा केनिया-टांझानियावरून सरकतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, तिथल्या भाषेत मसिका. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा तो छोटा पाऊस, वुली. कोकणातली जुलैची झड डोळ्यासमोर आणू नका, आपला मे महिन्यातला वळीव आठवा. सकाळ बहुधा स्वच्छ असते, दुपारी ढग चढतात, तीन-चारच्या सुमारास गडगडाट करत जोराची सर येते आणि तासा-दोन तासांत आकाश मोकळं होतं. कधी रात्रीच पडून जातो. कधी चार दिवस थेंबही नाही. अख्खा दिवस पावसात गेला असं होतं, पण क्वचित.

याचा सरळ अर्थ असा की सकाळ तुमची आणि संध्याकाळ नशिबाची. तिथे वर्षभर सहा-सव्वासहाच्या आसपास उजाडतं आणि साडेसहा-सातपर्यंत अंधार पडतो. राष्ट्रीय उद्यानांत अंधारात गाडी फिरवायला बंदी असते. म्हणून नाश्ता डब्यात बांधून घ्या आणि उजाडताच फाटकातून आत जा. साडेआठला लॉजवर गरम नाश्ता करून मग निघणाऱ्यांचे नोव्हेंबरमध्ये सगळ्यात चांगले तास हातचे जातात. मुलांना पहाटे उठवायचं जीवावर येतं, हे खरं. पण दुपारी सर आली की सगळ्यांनाच झोप काढता येते.

पाऊस सगळीकडे सारखा नसतो, तसाच दर वर्षीही सारखा नसतो. अंबोसेली किलिमांजारोच्या पर्जन्यछायेत, तिथे मुळात पाऊस कमी. मारावर लेक व्हिक्टोरियाचा प्रभाव, त्यामुळे दुपारची वादळं जास्त. केनियाच्या आग्नेयेकडच्या त्सावो उद्यानाकडे तर हा 'छोटा' पाऊसच वर्षातला मुख्य पाऊस असतो. नोव्हेंबरच्या शेवटी त्सावोची झुडपं इतकी दाट होतात की पन्नास फुटांवरचा हत्ती दिसत नाही. पहिल्याच सफारीला, या महिन्यात, त्सावो मी सुचवत नाही. उत्तरेकडच्या सांबुरूत एवासो न्गिरो नदीला अचानक लोंढे येतात. मार्च २०१० मध्ये अशाच पुरात नदीकाठचे कित्येक कॅम्प वाहून गेले होते. सांबुरू सुंदर आहे आणि ग्रेव्हीचा झेब्रा, जाळीदार नक्षीचा जिराफ, लांब मानेचं गेरेनुक हे प्राणी बघायला ती उत्तम जागा आहे. पण नोव्हेंबरमध्ये जायचं तर नदीला टेकून असलेला तंबू घेऊ नका, थोड्या उंचावरचा घ्या.

वर्षागणिक फरक कशाने पडतो हे कळलं तर बुकिंगचा निर्णय पुष्कळ सोपा होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचा हा पाऊस हिंदी महासागराच्या तापमानावर फार अवलंबून असतो. महासागराची पश्चिम बाजू, म्हणजे आफ्रिकेकडची, नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाकडची थंड असली की त्या स्थितीला धन द्विध्रुव म्हणतात. आपल्या हवामान खात्याच्या मान्सून अंदाजात 'आयओडी' म्हणून येतो तोच हा. तो धन असला, त्यात एल निनोचीही भर पडली, की पूर्व आफ्रिकेत छोटा पाऊस मोठा होतो. १९९७ साली असंच झालं. २०१९ साली एकट्या द्विध्रुवाने पूर आणले आणि २०२३ मध्ये दोन्ही एकत्र आल्यावर नोव्हेंबरमध्ये केनियात पुन्हा मोठे पूर आले. उलट ला निनाच्या काळात, २०२०, २०२१ आणि २०२२ अशी सलग तीन वर्षं, पावसाने दगा दिला आणि केनियात हत्ती, झेब्रे, विल्डबीस्ट दुष्काळाने मेले. अंबोसेलीत त्या काळात ज्यांनी हाडं आणि कातडी पाहिली आहेत त्यांना पावसाळी सफारीबद्दल कुणी कुरकुर केली की वाईट वाटतं. तो पाऊस तिथल्या प्राण्यांचा आणि मसाई गुराख्यांचा जीव आहे.

व्यवहाराची गोष्ट अशी की मोठ्या पावसापेक्षा या छोट्या पावसाचा अंदाज आधीपासून बराच बरा बांधता येतो. नैरोबीचं 'इक्पॅक' हे प्रादेशिक हवामान केंद्र मोसमाआधी ऑक्टोबर-डिसेंबरचा अंदाज जाहीर करतं. केनियाचं हवामान खातंही करतं. तेव्हा बुकिंग आता करा, पण रद्द करण्याच्या अटी वाचून करा आणि उरलेले पैसे भरण्याआधी सप्टेंबरमध्ये हे अंदाज बघा. ठळकपणे ओलं वर्ष दिसत असेल तर रस्त्याचा एखादा लांब टप्पा विमानाने करायचा बदल तेव्हाही करता येतो.

आता जमीन. पावसात सफारी अडते ती जमिनीमुळे. मारा आणि सेरेंगेटीच्या बऱ्याच भागांत काळी चिकणमाती आहे. तिथलेही लोक तिला 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना काळ्या रानाबद्दल मी काय सांगणार! पाणी पिऊन फुगते, चाकाला थर चढतो, आणि गाडी फिरत फिरत आडवी होते. त्यामुळे या महिन्यात एका गोष्टीवर तडजोड करू नका: चारही चाकांना जोर असलेली लँड क्रूझर. केनियातल्या स्वस्त पॅकेजमध्ये छप्पर वर उचलणारी मिनी व्हॅन असते. कोरड्या मोसमात ती चालून जाते. नोव्हेंबरमध्ये अशी व्हॅन एकदा रुतली की सकाळच संपते आणि चालक नंतर दोन दिवस पक्क्या रस्त्यावरून खाली उतरायला धजत नाही. एजंटकडून 'फोर बाय फोर लँड क्रूझर, सहा जण, प्रत्येकाला खिडकी' असं लेखी घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर लॉजचा एक तारा कमी करा. गाडी आणि दिवस यांना हात लावू नका.

त्याच मातीमुळे दुसरी एक विनंती. समोर झुडपाआड चित्ता असला आणि गाडीवाट पन्नास मीटरवर असली, तरी चालकाला 'जरा आत घ्या' म्हणू नका. मारा अभयारण्यात वाट सोडून गाडी घालायला मनाई आहे. ओल्या जमिनीत उमटलेली चाकोरी तर महिनोन्‌महिने बुजत नाही, पुढच्या पावसात तिचीच घळ होते. बक्षिसीच्या आशेने काही चालक मोह आवरत नाहीत. नको म्हणणं आपल्या हातात असतं.

मायग्रेशनचं आश्वासन मला सगळ्यात जास्त खटकलं. विल्डबीस्टचे कळप गवतामागे जातात, आणि गवत पावसामागे. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तर सेरेंगेटीत आणि मारात असतात. मारा नदी ओलांडण्याची ती प्रसिद्ध दृश्यं त्याच काळातली. दक्षिणेला पहिली वादळं दिसू लागली की ते परत फिरतात. नोव्हेंबरमध्ये लोबोच्या बाजूने, सेरेंगेटीच्या पूर्व आणि मध्य भागातून, लांबच लांब रांगांनी ते खाली सरकत असतात. डिसेंबरमध्ये दक्षिणेकडच्या न्दुतूच्या आखूड गवताच्या मैदानांवर पोचतात. ओल दोइन्यो लेंगाई आणि शेजारच्या ज्वालामुखींच्या राखेने ती मैदानं झाली आहेत. तिथल्या गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, म्हणून जानेवारीअखेर ते मार्च माद्या तिथेच वितात. पाऊस उशिरा आला तर काही कळप नोव्हेंबरमध्येही मारात रेंगाळतात. पण 'नक्की दाखवू' हे कुणीही म्हणू शकत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये नदी ओलांडताना दाखवू असं म्हणणाऱ्याकडून बाकीच्या गोष्टीही तपासून घ्या.

मग मायग्रेशनशिवाय मारात काय राहतं? फार काही राहतं, आणि याच कारणाने मी नोव्हेंबरच्या मारासाठी आग्रह धरतो. लाखो विल्डबीस्टनी तीन महिने गवत खाऊन ठेवलेलं असतं, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते आखूड असतं. पहिल्या सरींनी त्याच्यावर हिरवी पालवी फुटते, पण सिंह लपेल इतकी उंची यायला वेळ असतो. पावसात झाडी वाढून काही दिसत नाही हा समज मे-जूनच्या माराला लागू आहे. शिवाय सिंह, बिबटे, तरस, चित्ते यांना आपापले इलाखे असतात. कळप गेले म्हणून ते सामान बांधून मागे जात नाहीत. टोपी नावाचं हरीण, इम्पाला, थॉमसनचं गझेल, झेब्रे, जिराफ, हत्ती, म्हशी कायमच्या. टोपींची आणि रानडुकरांची पिल्लं याच सुमारास दिसायला लागतात. ऑगस्टमध्ये चित्त्याच्या एका मादीभोवती तीस गाड्यांचं रिंगण पडतं आणि तिला पिल्लांसाठी शिकार करणं मुश्किल होतं. नोव्हेंबरमध्ये तिथेच तीन-चार गाड्या असतात.

सर येऊन गेल्यानंतरचा तास चुकवू नका. ओलं गवत मांजरकुळाला आवडत नाही, त्यामुळे सिंह, चित्ते अंग सुकवायला गाडीवाटेवर येऊन बसतात. ढगांच्या काळ्या पडद्यापुढे तिरपं ऊन पडतं आणि हवेतली धूळ बसलेली असते. फोटो काढणाऱ्याला यापेक्षा चांगला उजेड ऑगस्टमध्ये मिळत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर वारुळांतून पंखवाल्या वाळव्या उडतात आणि मग सगळं रान जेवायला उतरतं. मध्य आशियातून आलेले स्टेप गरुड जमिनीवर कोंबड्यांसारखे चालत वाळव्या टिपताना मी पाहिले आहेत. करकोचे, मोठ्या कानांचे कोल्हे, बेडूक, सगळे तिथे. चौदा वर्षांच्या मुलाला सिंहापेक्षाही हे जास्त लक्षात राहील असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या माणसासाठी या महिन्यात आणखी एक खास गोष्ट आहे. अमूर ससाणा हा छोटा शिकारी पक्षी पूर्व आशियातून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड-मणिपुरात लाखोंनी थांबतो आणि मग भारतावरून व अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठतो. महाराष्ट्रातही तो वाटेत दिसल्याच्या नोंदी आहेत. नोव्हेंबरअखेर, डिसेंबरमध्ये तो केनियाच्या आकाशात असतो. आपल्याकडे पाऊस सरताना घिरट्या घालणारे पिवळसर चतुरही, पँटाला फ्लॅव्हेसेन्स हे त्यांचं शास्त्रीय नाव, याच वाऱ्यांवर मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात आणि छोट्या पावसाच्या डबक्यांत अंडी घालतात, असं संशोधकांनी मांडलं आहे. त्यांना खाऊन ससाण्यांना समुद्रावर बळ मिळत असावं, असाही एक अंदाज आहे. युरोपातून नीलपंख, वेडे राघू, पांढरे करकोचे येतात. पक्ष्यांचा नाद असलेल्यांनी त्सावो वेस्टमधलं न्गुलिया लॉज लक्षात ठेवावं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या धुक्याच्या रात्री स्थलांतरी पक्षी तिथल्या दिव्यांकडे उतरतात आणि १९६९ पासून तिथे त्यांना वळी घालून नोंदी ठेवल्या जात आहेत. तुमच्या घरात दुर्बीण घेऊन हिंडणारं कुणी आहे का ते कळवा. असेल तर त्सावोबद्दलचं माझं मत मी बदलेन.

आता मार्ग. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकच रान आहे, मधे फक्त सरहद्दीची रेघ. म्हणून एजंट 'मारातून सेरेंगेटी' सहज लिहितात. पण मारातल्या सँड रिव्हर फाटकातून पलीकडे जाणं पर्यटकांना १९७७ पासून बंद आहे, पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला तेव्हापासून. सरहद्दीवरच्या इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो, तिथे गाडी आणि चालक बदलावा लागतो, आणि अख्खा दिवस रस्त्यात जातो. पावसात तर कधी कधी दिवसही पुरत नाही. नऊ दिवसांत, आजी-आजोबांना घेऊन, हे करू नका. एकच देश निवडा.

केनिया निवडलात तर मी असं करीन. नैरोबीत पहिली रात्र. जमल्यास दुसऱ्या सकाळी नैरोबी राष्ट्रीय उद्यान. ११७ चौरस किलोमीटरचं रान, मागे शहराच्या इमारती आणि पुढे गेंडा. तिथून नान्युकीजवळ ओल पेजेता हे राखीव रान, दोन रात्री. जगात उरलेल्या दोनच उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या माद्या, नाजिन आणि फातू, तिथे सशस्त्र पहाऱ्यात राहतात. मुलांना त्या जरूर दाखवा. मग नाकुरू किंवा नैवाशाला एक-दोन रात्री. नाकुरूचं उद्यान कुंपणातलं आहे, त्यामुळे पाऊस असो नसो, गेंडे आणि म्हशी तिथेच. फ्लेमिंगोंचे गुलाबी काठ मात्र मनात धरून जाऊ नका. गेल्या दशकात तलावाची पातळी खूप वाढली, पाणी पातळ झालं आणि बरेच फ्लेमिंगो बोगोरियासारख्या तलावांकडे गेले. शेवटी मारा, किमान तीन रात्री, जमल्यास चार. परतताना मारातून नैरोबीच्या विल्सन विमानतळावर छोट्या विमानाने या. पाऊण-एक तासाचा प्रवास आहे. पाच-सहा तासांचा रस्ता आजींच्या कमरेला वाचतो आणि पावसात वाटेतल्या नारोक गावाच्या बाजूला पाणी आलं तरी तुम्ही अडकत नाही. या विमानात माणशी १५ किलो सामान, तेही मऊ पिशवीत. कडक सुटकेस घेत नाहीत. धावपट्टी ओली असेल तर विमान शेजारच्या धावपट्टीवर उतरतं किंवा उशीर होतो, म्हणून मुंबईच्या विमानाआधी नैरोबीत एक रात्र मोकळी ठेवा.

यात अंबोसेली का नाही, असं विचाराल. हत्ती आणि मागे किलिमांजारो हे दृश्य कुणालाही हवंच असतं. तिथल्या हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये सुरू केला आणि तो आजही चालू आहे. ओपन जीपमधून एकेका हत्तिणीचं नाव आणि तिचा वंश सांगणारे लोक जगात फार ठिकाणी नाहीत. पण पाऊस चांगला झाला की हत्ती उद्यानाबाहेर, मसाईंच्या चराऊ जमिनींवर पांगतात आणि ढगांत पर्वतही दिवसचे दिवस लपतो. पाऊस उशिरा असलेल्या वर्षी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ओल पेजेताऐवजी दोन रात्री अंबोसेली घ्यायला माझी हरकत नाही. पर्वत पहाटे बघा, नऊनंतर तो बहुधा झाकतो.

टांझानियाचा विचार असेल तर न्गोरोंगोरोचं विवर या मोसमात सगळ्यात भरवशाचं. सुमारे सहाशे मीटर खोल, तळ अडीचशेहून जास्त चौरस किलोमीटर, आणि आतले बहुतेक प्राणी वर्षभर आतच. काळा गेंडा दिसण्याची शक्यता चांगली. विवराच्या काठावर मात्र तेवीसशे मीटर उंचीची थंडी आणि सकाळचं धुकं असतं, आजोबांना जाड स्वेटर लागेल. सेरेंगेटीत मध्य भागातल्या सेरोनेराला तीन रात्री द्या, कारण तिथले सिंह-बिबटे कायमचे आणि खाली येणारे कळप भेटायची शक्यताही तिथेच. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्दुतूला राहू नका, मैदानं बहुधा अजून रिकामी असतात. तारांगिरे कोरड्या मोसमात हत्तींनी गजबजलेलं असतं, पण पाऊस सुरू झाला की ते उद्यानाबाहेर जातात. ऑक्टोबरअखेर जात असाल तर जरूर, नोव्हेंबरच्या मध्यावर एका दिवसापेक्षा जास्त नको.

तुमच्या कुटुंबासाठी दोन्हीत निवडायचं तर केनिया. अंतरं कमी, मुंबईहून थेट विमान, सुमारे सहा तास. शाकाहारी जेवणाची अडचण नाही. केनियात गुजराती, पंजाबी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, त्यामुळे लॉजच्या स्वयंपाक्यांना डाळ-भात-चपाती चांगली ठाऊक असते. जैन जेवण हवं असेल तर आधी कळवा.

खर्चाबद्दल एक गैरसमज दूर करतो. 'पावसाळा म्हणजे ऑफ सीझन, सगळं स्वस्त' असं सांगितलं जातं. लॉजचे दर नोव्हेंबरपासून ख्रिसमसच्या आधीपर्यंत खरंच उतरतात. प्रवेश शुल्क उतरत नाही. मसाई मारात २०२४ पासून परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर लागू झाला, म्हणजे नोव्हेंबर महागड्या सहामाहीत येतो. शिवाय तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं. दुपारी चारला पोचून आत शिरलात तर दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे जातात. तेव्हा पहिल्या दिवशी फाटकाबाहेर किंवा शेजारच्या खाजगी राखीव रानात मुक्काम करणं हिशोबाला बरं पडतं. बुकिंग करताना चालू दर पुन्हा विचारून घ्या आणि कोटेशनमध्ये प्रवेश शुल्क धरलंय का हे बघा. स्वस्त कोटेशनांत बहुतेक वेळा तेच गाळलेलं असतं.

कागदपत्रांत केनियासाठी प्रवासाआधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचं परवानापत्र, घ्यावं लागतं, मुलांनाही. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस सर्वांत आधी मार्गी लावा. केनियाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तारखा लवकर भरतात, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. मग ते आयुष्यभर चालतं. मात्र साठीपुढच्या लोकांना ही लस देताना जास्त काळजी घ्यावी लागते, म्हणून आजी-आजोबांची औषधांची यादी घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जा. लस देऊ नये असं ठरलं तर तसं वैद्यकीय पत्र लागेल. हे दोन महिने आधी कळलं पाहिजे, दोन आठवडे आधी नाही.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारा. पावसाने डास वाढतात. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, मलम, मच्छरदाणी, सगळं हवं. चावणारी त्सेत्से माशी गडद निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते, तारांगिरे-सेरेंगेटीला जाणार असाल तर जीन्स घरी ठेवा. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत कुणालाही ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आफ्रिकेला जाऊन आल्याचं सांगा आणि रक्त तपासून घ्या. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम या घातक जातीचा असतो आणि तो तुमच्यासाठी थांबत नाही. विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे का तेही बघा, मारातून नैरोबीच्या रुग्णालयात पोचवायला तिचाच आधार.

सामान थोडं. पहाटे बारा-पंधरा अंश आणि उघड्या छपराची गाडी, म्हणजे कानटोपी आणि विंडचीटर. छत्री नको, पातळ रेनकोट हवा. चिखलात घसरणार नाहीत असे बूट, दोन जोड. फराळ जरूर न्या, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, केनियाच्या उद्यानांत २०२० पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवरही. चिवडा-चकली घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या घ्या. तंबूची चेन कायम लावलेली असू द्या, माकडांना फराळाचा वास फार लवकर लागतो. ड्रोन घरी ठेवा, केनियात तो परवानगीशिवाय चालत नाही.

लँड क्रूझरची पायरी उंच असते, हे आजी-आजोबांच्या बाबतीत कुणी सांगत नाही. एक छोटं घडीचं स्टूल गाडीत ठेवायला सांगा, चालक आनंदाने ठेवतात. रानात स्वच्छतागृहं फक्त फाटकांवर आणि ठराविक विश्रांतीच्या जागी. मधे झुडपामागे जावं लागतं आणि तेही चालकाने आजूबाजूला नजर टाकल्यावर. संकोचाने पाणीच न पिणारे ज्येष्ठ दुपारपर्यंत डोकं धरून बसतात, म्हणून पहिल्याच दिवशी चालकाशी मोकळं बोलून घ्या. एखादी सकाळ त्यांना लॉजवरच राहू द्या. नोव्हेंबरच्या हिरव्या मैदानाकडे तोंड करून व्हरांड्यात बसलं तरी तासाभरात हत्ती, रानडुकरं, दहा-बारा जातींचे पक्षी सहज दिसतात.

एजंटला आता लिहाल तेव्हा एवढं विचारा: गाडी नेमकी कुठली, मारात किती रात्री आणि फाटकाच्या आत की बाहेर, प्रवेश शुल्क धरलंय का, सप्टेंबरमध्ये बदल केला तर किती पैसे परत. उत्तरं आली की नवा कार्यक्रम इथे टाका, तारखांसकट. एकेक टप्पा बघून सांगतो.